सतराव्याची सावड

शेफिल्ड, २ सप्टेंबर

प्रिय युस्राआत्या,

तुझा मोबाइल तीन आठवडे बंद आहे. समीरकाकाला विचारलं तर म्हणाला, "पाण्याच्या टाकीत पडला." बत्तीस वर्षं तू मुख्याध्यापिका होतीस, तुझ्या हातून कधी खडू पडला नाही, आणि मोबाइल पडला? असो. हे पत्र अम्मानला उम्म नाहिदच्या जावयाकडे टाकते. तो पूल ओलांडून गावाला येईल तेव्हा तुझ्या हातात देईल. उत्तरही त्याच्याचकडे दे.

इथे भलतंच उपटलंय. आमचं 'जैतून सावड' मंडळ तुला माहीतच आहे. तीसेक माणसं, त्यातली दहा-बारा दर हिवाळ्याच्या तोंडाला आपल्या दैर खर्रूबला जैतून उतरवायला येतात आणि परत आली की कोणता रस्ता बंद झाला, कोणाची झाडं तोडली, हे खासदारांना, वर्तमानपत्रांना, चर्चमधल्या लोकांना सांगत सुटतात. मी या मंडळाची चिटणीस. ऑगस्टमध्ये तिकडे गावाच्या सावड समितीवर बंदी आली आणि शाळेतल्या कपाटातले कागद नेले, एवढं मला कळलं होतं. आता त्यातलाच एक कागद कुठून कुठून फिरत इथे पोचलाय. एका खासदाराने तो वर्तमानपत्रात छापून आणला आणि आमचं मंडळ बंदी घातलेल्या संघटनेची शाखा आहे असं जाहीर केलं. अशा मंडळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने चौकशी लावली आहे. सुनावणी एक डिसेंबरला. त्यांचं समाधान झालं नाही तर मंडळ कायमचं बंद.

कागद म्हणजे हाताने लिहिलेली यादी आहे. सव्वीस ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव, पुढे माणसं किती, शिड्या किती, चादरी किती, काठ्या किती. आपण दोघी हसू, पण खासदारसाहेबांना त्यात तुकड्या दिसतात. शिड्या भिंतीवर चढायला आणि काठ्या कशाला ते सांगायला नको. एवढ्यावर भागलं असतं, पण सतराव्या ओळीत नावच नाही. जागा कोरी आणि पुढे लिहिलंय: शिड्या चार, मोठ्या चादरी दोन, माणसं सगळी. साहेब म्हणतात, ज्याच्या हाताखाली सगळी माणसं तोच म्होरक्या, म्हणून नाव लपवलंय.

आत्या, हा सतरावा कोण? मला आता झोपेतसुद्धा तोच आकडा दिसतो.

माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून इथल्या सरकारकडे पडून आहे. आमच्या वकीलबाई म्हणतात, सुनावणीला मागच्या बाकावर बस आणि तोंड उघडू नकोस. तू मला ओळखतेस. पासपोर्ट हातात पडला की पहिलं तिकीट तुझ्याकडचं. बावीस वर्षं झाली.

तुझी लमीस

❖

दैर खर्रूब, १८ सप्टेंबर

बाळ लमीस,

पत्र पोचलं. उम्म नाहिदच्या जावयाने ते बुटात घालून आणलं, तेव्हा वाचण्याआधी उन्हात ठेवावं लागलं. मोबाइल टाकीतच पडला. म्हातारपणी हात थरथरतात, त्यात काय नवल?

तू नऊ वर्षांची असताना इथून गेलीस, म्हणून तुला शिड्या आठवतात आणि बाकीचं आठवत नाही. आपल्याकडे औना असते ती अशी. हंगामाआधी शाळेच्या ओट्यावर सगळी घरं जमतात आणि पाळ्या ठरतात. आज उम्म नाहिदच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या समीरच्या, परवा तिसऱ्याच्या. कोणाकडे शिड्या जास्त, कोणाकडे जैतून झेलायच्या चादरी जास्त, म्हणून यादी करावी लागते. यादी नसली की भांडणं होतात. गेल्या वर्षी समीरने उम्म नाहिदची मोठी चादर आठ दिवस दडवून ठेवली होती. तुझ्या खासदाराला सांग, आमच्या संघटनेत फूट पडली आहे.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे. सुनावणीत तिथे शपथ घेतात का, आणि कशावर हात ठेवून? विचारणारे किती जण असतात? त्यांच्यापैकी कोणी जैतूनाचं झाड जवळून पाहिलंय का, की बरणीतलंच फळ माहीत आहे? मधे चहा देतात का? खासदार म्हणजे तो एकटाच ओरडतो की त्याला उलटं विचारायची सोय आहे? मला हे सगळं फार जाणून घ्यायचंय. आमच्या समितीवर बंदी आली त्या कागदावर कायद्याचं साल होतं एकोणीसशे पंचेचाळीस. तेव्हा इथे राज्य कोणाचं होतं? तुझ्या शेजाऱ्यांचं. इंग्रज जाताना कायदा इथेच विसरून गेले. तो परत न्यायला कधी येणार, हेही सुनावणीत विचारून घे.

सतराव्याचं म्हणशील तर मला आठवत नाही. आकडा चुकून पडला असेल. तसंच लिहून दे.

अर्जाचं काय झालं ते आधी कळव. बाकी नंतर.

तुझी आत्या

❖

शेफिल्ड, ४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

शपथ घेत नाहीत. तीन जण विचारतात. चहा देतात, पण तो तू चहा म्हणणार नाहीस. खासदाराला उलटं विचारायची सोय नाही, तो मुळात तिथे येतच नाही. पंचेचाळीस सालच्या कायद्याचं मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा मार्गरेटने ते साल आपल्या वहीत दोनदा अधोरेखित केलं. मार्गरेट म्हणजे ती चौऱ्याहत्तर वर्षांची सुईण, तुमच्याकडे सहा हंगाम आली आणि समीरकाकाच्या शिडीवरून पडून मनगट मोडून घेतलं, ते मनगट अजून सगळ्यांना दाखवत फिरते.

पण आत्या, तुला आठवत नाही? ज्या बाईला सत्त्याऐंशी सालच्या सहावीतल्या मुलींचे गणिताचे गुण तोंडपाठ आहेत, तिला एक ओळ आठवत नाही? 'आकडा चुकून पडला' असं मी लिहून दिलं तर ते विचारतील, मग चार शिड्याही चुकून पडल्या का? आणि सगळी माणसं?

मी खूप विचार केला. बासिल तर नव्हे ना? उम्म नाहिदचा धाकटा. त्याच्याबद्दल गेली दोन वर्षं पत्रात, फोनवर, कुठेच कोणी काही बोलत नाही. तो लपून असेल आणि तुम्ही सगळे त्याच्यावर पांघरूण घालत असाल, तर निदान मला सांग. मी कोणाला सांगणार नाही, पण मला माहीत हवं. त्याच्या एकट्यापायी इथल्या तीस माणसांच्या नावाला काळं लागणार. मार्गरेटला बँकेने खातं बंद करायचं पत्र पाठवलंय, दुसऱ्या एकाला शाळेतल्या नोकरीवरून घरी बसवलंय. ही माणसं आपली कोण लागतात? तरीही येतात, उन्हात करपतात, आणि आता हे. मला त्यांच्याकडे बघवत नाही. खरं काय ते सांग, आत्या.

अर्जाची मुलाखत चौदा डिसेंबरला आहे. तू सारखं तेच का विचारतेस?

लमीस

❖

दैर खर्रूब, २० ऑक्टोबर

लमीस,

तुझं पत्र मी उम्म नाहिदला वाचून दाखवलं नाही, हे तुझं नशीब. बासिल नाब्लसला फरशीच्या दुकानात कामाला आहे आणि सासूशिवाय कोणापासूनही लपत नाही. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही कारण त्याने साखरपुड्याला कुनाफ्याची मिठाई वाटताना काटकसर केली. गाव अजून ते विसरलेलं नाही. शिकलीसवरलीस, पण वर्तमानपत्र वाचून तूही त्या खासदारासारखाच विचार करायला लागलीस की काय? वाईट वाटलं मला. वाटलं ते लिहिलं.

हंगाम सुरू झालाय. समिती बंद, पण जैतूनाला ते कोण सांगणार? झाडं वाकली आहेत. इथे दहा जण एकत्र दिसले की ती सभा ठरते आणि सभेला परवाना लागतो. म्हणून आम्ही नऊ-नऊ जण काम करतो. दहावा माणूस बांधापलीकडे जाऊन बसतो आणि तिथून ओरडून सगळ्यांना शिकवतो की फांदी कशी धरायची. ते काम समीरने मागून घेतलंय. काल सैनिक आले, त्यांनी मोजलं, नऊ भरले, मग बांधाकडे बघितलं. समीर म्हणाला, "मी यांच्यातला नाही, मी फक्त सल्ला देतो." त्यांच्यातला एक पोरगेलासा हसला, मग त्याला हसल्याबद्दल बोलणी बसली.

पलीकडच्या, कुंपणाशी असलेल्या शेतांसाठी दोनच दिवस मिळणार आहेत, तेही कधी ते ठरलेलं नाही.

सतराव्याचं आता पुन्हा विचारू नकोस. मंडळ बंद झालं तर होऊ दे. मार्गरेट दुसरं काढेल, मी तिला ओळखते, ती मनगट मोडूनही दुसऱ्या दिवशी शिडीवर होती. चौदा डिसेंबरला नीट कपडे घालून जा आणि विचारतील तेवढंच बोल.

युस्राआत्या

❖

शेफिल्ड, ६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

बासिलबद्दल चुकले. उम्म नाहिदला सांगू नकोस.

पण आता तू ऐक. वकीलबाईंनी त्या यादीची रंगीत प्रत मिळवली. इतके दिवस आम्ही काळी-पांढरी बघत होतो. नावं निळ्या, काळ्या, कसल्या कसल्या पेनांनी लिहिली आहेत, प्रत्येक अक्षर वेगळं. पण आकडे, शिड्या, चादरी हे सगळं हिरव्या शाईत आहे. तांबडी शाई बघून मुलं घाबरतात म्हणून सगळं आयुष्य हिरव्या शाईने वह्या तपासणारी बाई दैर खर्रूबमध्ये एकच आहे. माझ्यापुढे तिची तीन पत्रं ठेवलेली आहेत. त्यात माझ्या वाढदिवसाचंही.

मग मी समीरकाकाला रागावून फोन केला आणि त्याच्याकडून काढून घेतलं. मोबाइल टाकीत पडलेला नाही. तो सैनिकांनी नेला. तुला सहा तास बाकावर बसवून ठेवलं होतं. तुझ्या गुडघ्यांचं काय झालं असेल? आणि तू मला सुनावणीत चहा देतात का ते विचारत होतीस!

अजून एक. मार्गरेटला मी सहज विचारलं, सगळी माणसं एकाच दिवशी एकाच शेतात कधी राबतात का? ती म्हणाली, हो की, हंगामाच्या शेवटच्या दिवशी. कुंपणाच्या बाजूचं एक शेत आहे, तिथे सगळं गाव येतं, चार शिड्या लागतात. ते कोणाचं हे तिने दर वर्षी विचारलं आणि दर वर्षी कोणीतरी तिच्या हातात भाकरी दिली. त्या शेतातलं एक डबा तेल बाजूला काढून ठेवतात, एवढं तिने पाहिलंय. शेताच्या कोपऱ्यात बदामाचं झाड आहे आणि त्याच्या फांदीला दोराचा खोल वळ आहे, झोपाळा बांधल्यासारखा.

आत्या, तो झोपाळा बाबांनी बांधला होता. त्यावरून पडून माझा दात तुटला होता.

माझ्या स्वयंपाकघरात तेलाचा डबा आहे. दर वर्षी तू कोणाच्या ना कोणाच्या हाती पाठवतेस आणि म्हणतेस, घरचं आहे. कोणाच्या घरचं?

तुझी लमीस

❖

दैर खर्रूब, १९ नोव्हेंबर

माझ्या लमीस,

तुला मी तपासनीस व्हायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं, पगार तरी मिळाला असता.

हो. सतरावी तू आहेस.

औनेच्या यादीत आपलं नाव ज्याने त्याने आपल्या हाताने लिहायचं असतं. ओट्यावर यायचं, ओळीसमोर नाव लिहायचं, म्हणजे मी माझ्या शेतात तुम्हाला बोलावतो आणि तुमच्या शेतात येईन, असा शब्द दिला. दुसऱ्याचं नाव दुसऱ्याने लिहायचं नाही. ज्याला लिहिता येत नाही तो अंगठा उठवतो, पण त्याच्या ऐवजी कोणी लिहीत नाही. मी बाकीचं सगळं लिहिते, नाव कोणाचंही नाही. तुझा बाप परदेशी गेला त्या वर्षी त्याची ओळ कोरी राहिली. ओळ काढून टाका असं कोणी म्हणालं नाही. झाडं तर इथेच आहेत, माणूस गेला म्हणून पाळी थोडीच जाते? गेलेल्याची पाळी, ओळ कितवीही असो, शेवटच्या दिवशी येते आणि तिला सगळे जातात, कारण तो परत राबायला येणार की नाही ते कोणालाच माहीत नसतं. तो वारल्यावर ओळ तुझी झाली. कोरीच राहिली.

त्या दिवशी सहा तास त्यांनी मला एकच विचारलं, सतरावा कोण? मी म्हटलं, कोणी नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं खोटं बोलले नव्हते. पण तुझं नाव सांगितलं असतं तर ते त्यांच्या कागदावर चढलं असतं. तिथून ते तुझ्या अर्जापर्यंत पोचायला किती वेळ? ही यादीच बघ, किती लांब गेली. सांगशील तर तू बंदी घातलेल्या समितीची सभासद ठरशील. तो पासपोर्ट मिळाला तरच तुला इथे येता येईल. बाईगं, मला त्र्याहत्तर चालू आहे. मंडळं पुन्हा निघतात. मला तू एकदा त्या ओट्यावर दिसायला हवीस, एवढंच मला हवंय, आणि त्यासाठी मी कोणाचंही मंडळ बुडू देईन. स्वार्थी म्हण.

सुनावणीत मागे बस. सांग की आकडा चुकला.

तुझी आत्या

❖

शेफिल्ड, ३ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र सुनावणीच्या आदल्या दिवशी मिळालं. मी मागेच बसले होते. खरंच.

तिघं जण होते, मधोमध चष्मेवाल्या बाई. त्यांनी वकीलबाईंना सावडीबद्दल पुष्कळ विचारलं आणि मला वाटलं होतं तशा त्या खाष्ट नव्हत्या. काठीने जैतून पाडताना फांदी दुखावत नाही का, असंही विचारलं. मार्गरेटने उभं राहून हात हलवून दाखवलं, तेव्हा तिचं मनगट सगळ्यांना पुन्हा बघावं लागलं. नऊ माणसं आणि बांधापलीकडचा दहावा, हे मी आदल्या दिवशीच वकीलबाईंना सांगून ठेवलं होतं, ते त्यांनी सांगितलं. त्यावर तिघंही हसले. मला वाटलं, निभावलं.

मग बाईंनी यादी पुढे केली आणि विचारलं, "सतरावा कोण?"

वकीलबाई म्हणाल्या, "आमच्या माहितीप्रमाणे तो आकडा चुकून..." मार्गरेटने खाली बघितलं. तिला कळलं होतं, मी काहीच सांगितलं नव्हतं तरी. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चुकून पडलेल्या आकड्याला सगळं गाव मदत करतं?" वकीलबाई कागद चाळायला लागल्या.

आत्या, तू बसलेल्या बाकाची मला आठवण झाली. मी तो बाक पाहिलेला नाही, तरी झाली. तू सहा तास म्हणालीस, कोणी नाही. मी तिथे गप्प बसले असते तर मीही तेच म्हणाले असते, की कोणी नाही. बावीस वर्षं चार शिड्या लावून कोणासाठी राबलात तर कोणासाठीच नाही.

मी उठून पुढे गेले. मेजावरचा पेन घेतला आणि त्या प्रतीवर, सतराव्या ओळीत, माझं नाव लिहिलं. आधी बाबांचं लिहावं असं वाटलं, पण तू म्हणालीस ना, दुसऱ्याचं लिहायचं नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही काय करताय याची तुम्हाला कल्पना आहे का?" मी म्हटलं, "हो. आता मला सगळ्यांच्या शेतात राबायला जावं लागणार." वकीलबाईंनी डोक्याला हात लावला.

निकाल जानेवारीत आहे. बाईंनी ती प्रत बराच वेळ हातात धरली होती, एवढंच सांगते, त्यावरून काही ठरवू नकोस. आणि आज सकाळी दुसरं पत्र आलंय. चौदा तारखेची मुलाखत पुढे ढकलली आहे. अधिक तपासासाठी, असं लिहिलंय. तारीख दिलेली नाही.

रागावू नकोस. रागाव, पण पत्र लिही. यादीच्या ज्या पानावर मी नाव लिहिलं त्याची एक प्रत मी मागून घेतली. सोबत पाठवते आहे. कपाटातलं सगळं नेलंय, तर कुठेतरी दुसरीकडे ठेव.

तुझी लमीस

❖

दैर खर्रूब, १९ डिसेंबर

लमीस,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा समीरवर ओरडले, कारण समोर तोच होता. तू माझं ऐकलं नाहीस. मी आता त्या ओट्यावर किती वर्षं बसू शकेन ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नव्हतं, तरी तू तसं केलंस. मला रडू आलं ते रागाचं की कशाचं, हे विचारू नकोस.

कुंपणाकडच्या शेतांचे दोन दिवस शेवटी काल आणि आज मिळाले. सतराव्याची पाळी अजून राहिलीच होती. जाण्याआधी मी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं, नऊ-नऊ करून, आणि तुझं पान दाखवलं. उम्म नाहिदने ते डोळ्यांजवळ नेऊन नेऊन बघितलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. समीर बांधापलीकडे बसायला तयार झाला नाही. म्हणाला, आज मी नऊ जणांत आहे, दहावा दुसरा कोणी शोधा. शेवटी मीच पलीकडे जाऊन बसले. बदामाखाली. तिथून सगळं दिसतं.

इतक्या हंगामांनंतर या वर्षी मार्गरेटशिवाय झालं. फळ बरं आहे, तेल एक डबा जास्त निघेल. तुझ्या बँका, खासदार, तारखा यांचं जे व्हायचं ते होईल. पुढल्या वर्षीच्या यादीत तुझी ओळ मी वर घेतली आहे, सातवी. शेवटच्या दिवसाची वाट बघायची ती न आलेल्यांनी. तू आता नाव दिलंयस, तेव्हा बाकीच्या पंचवीस जणांचं देणं लागतेस. शिडीवर चढायची सवय कर.

पान मी माझ्या जुन्या वह्यांमध्ये ठेवलंय. तुझं अक्षर अजून तिसरीतलंच आहे, सगळी अक्षरं ओळीखाली घसरलेली. हिरवा पेन हातात घेतला होता. मग टोपण लावून ठेवून दिला.

तुझी आत्या